रक्तदाबाची गोळी आणि मनातील शंका

‘आपला रक्तदाब वाढला आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो, तो बहुधा रोगाविषयी नसतो. तो गोळीविषयी असतो. ‘म्हणजे आता जन्मभर गोळी घ्यावयाची का?’ हा तो प्रश्न. रोग दिसत नाही, दुखत नाही, खुपत नाही. गोळी मात्र रोज सकाळी समोर येऊन उभी राहते. तेव्हा मनुष्याला रोगापेक्षा औषधाचेच भय अधिक वाटावे ह्यात नवल नाही. आज मी ह्या भयाचाच थोडा विचार करणार आहे. मी वैद्यकशास्त्राची पंडिता नव्हे. शाळेत विज्ञान शिकविणारी एक शिक्षिका आहे. पण गेल्या वर्षी ही गोळी लिहिलेली चिठ्ठी माझ्याच हाती पडली, आणि त्यानंतर मी जे वाचले, जाणत्यांना विचारले व पडताळून पाहिले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

मी राहते तो तारनाका हा हैदराबादचा भाग ह्या विषयाला मोठा साजेसा आहे. नाक्यावरून उप्पलकडे निघाले की भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था लागते, आणि उस्मानिया विद्यापीठाच्या अंगाला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ही दुसरी संस्था मूळची इथली नव्हे. १९१८ साली दक्षिणेत कून्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन ह्या डॉक्टरांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एका खोलीत तिचा आरंभ केला आणि १९५८ साली ती हैदराबादेस आली. एका संस्थेत औषधांची रसायने कशी बनवावी ह्याचा विचार चालतो, दुसरीत ताटात काय असावे ह्याचा. वाढलेल्या रक्तदाबावरचे उपायही नेमके हे दोनच, एक गोळीचा व एक ताटाचा. इतके ज्ञान दाराशी असूनही आमच्या गल्लीत, मेट्रोच्या स्थानकावर, भाजीच्या गाड्यापाशी जी बोलणी कानी पडतात ती अशी : ‘गोळी एकदा लागली की सुटत नाही’, ‘गोळीने मूत्रपिंडे जातात’, ‘बरे वाटू लागले, म्हणून सोडून दिली’. ही वाक्ये मराठीत ऐका, तेलुगूत ऐका की दखनी उर्दूत ऐका, आशय तोच.

प्रथम हा दाब म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी धमन्यांत रक्त लोटते. त्या वेळी धमनीच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावते तेव्हा जो जोर उरतो तो खालचा आकडा. दोन्ही पाऱ्याच्या उंचीच्या मिलीमीटरांत सांगतात. साधारणतः १२० आणि ८० च्या खाली असणे चांगले, आणि वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब १४० वा ९० च्या वर राहिला तर आपल्याकडे त्याला वाढलेला रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ साली ही रेषा १३० आणि ८० पर्यंत खाली ओढली. त्यावर वाद आहेत, त्यांत आपण शिरावयास नको.

इंग्रजीतील ‘हायपरटेन्शन’ ह्या नावाने एक गैरसमज पसरविला आहे. त्यातील ‘टेन्शन’ हा धमनीच्या भिंतीवरचा ताण आहे, मनावरचा नव्हे. परंतु आपल्याकडे ‘टेन्शन’ हा शब्द घरोघर मनस्तापाच्या अर्थी रुळला आहे. म्हणून ज्याला दाब निघाला तो तापट असला पाहिजे, चिंतातुर असला पाहिजे, असे लोक धरून चालतात. ‘बाई, तुम्ही तर इतक्या शांत, तुम्हांला कसा हो दाब?’ असे मला शिक्षकांच्या खोलीत विचारले गेले. रागाने दाब घटकाभर चढतो हे खरे. पण शांत माणसाचा दाब वाढलेला नसतो असे मुळीच नाही. वय, आनुवंशिकता, वजन, मीठ, मद्य, बैठे जीवन ह्या सर्वांचा त्यात हात असतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत असे एखादे कारण बोट ठेवून दाखविता येत नाही.

हा दाब मोजण्याची कला फार जुनी नाही. हाताच्या दंडाला हवेचा पट्टा बांधण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रोच्ची ह्यांनी १८९६ साली काढली, आणि पट्टा सैल करीत असता धमनीत उमटणारे आवाज ऐकून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत रशियातील कोरोत्कोव्ह ह्यांनी १९०५ साली सांगितली. मोजण्याचे साधन आले, तरी पुढे चाळीस-पन्नास वर्षे डॉक्टरांच्या हाती उपाय असा नव्हताच. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचे उदाहरण घ्या. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून ह्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासले तेव्हा दाब १८६ आणि १०८ होता. मीठ कमी, विश्रांती, आणि हृदयाला बळ देणारे डिजिटॅलिस, एवढेच काय ते करता आले. पुढील वर्षी, १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले; त्या दिवशी दाब ३०० आणि १९० मोजला गेला. त्या काळच्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे औषध मिळू शकले नाही, ते आज तारनाक्याच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. गोळीवर रुसण्यापूर्वी एवढे मनात आणावे असे मला वाटते.

ह्या औषधाच्या इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या शाळांच्या पुस्तकांत सापडत नाही ह्याची मला खंत वाटते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. उन्मादावर, निद्रानाशावर तिची मुळी देत. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी ती मनोविकारावर व वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी असल्याचे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी ह्यांनी तिच्यातून शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकीम अजमलखान ह्यांच्या नावावरून ‘अजमलिन’ असे नाव दिले. परंतु साऱ्या जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांच्या लेखाने. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना ही मुळी देऊन, काळजीपूर्वक नोंदी ठेवून, १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य मिळविले, आणि १९५७ साली डॉक्टर वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार लाभला.

ही हकीगत मी केवळ अभिमानापोटी सांगत नाही. ‘रासायनिक गोळी नको, एखादी मुळी द्या, तिचा अपाय नसतो’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सर्पगंधेची मुळी ही मुळीच होती. तिने दाब उतरे, हे खरे. आणि तिचा अपायही होई, हेही खरे. नाक चोंदणे, ग्लानी, आणि मोठ्या मात्रेत काहींना गाढ उदासीनता येई. पुढे अधिक सोसणारी औषधे निघाली तसे रेसर्पिन मागे पडले. जे द्रव्य शरीरात काही घडवून आणते, ते कधीतरी नको तेही घडवून आणू शकते. मग ते झाडाच्या मुळाशी तयार झालेले असो की कारखान्याच्या भांड्यात. फरक पडतो तो एवढाच, की गोळीत औषध किती आहे ते वेष्टनावर लिहिलेले असते आणि कोणाला काय बाधते ह्याची हजारो माणसांवर तपासणी झालेली असते. माझा कोणत्याही वैद्यकपद्धतीशी झगडा नाही. पण घेत असलेला काढा वा चूर्ण डॉक्टरांपासून लपवून ठेवू नये. दोन औषधे एकाच दिशेने ओढू लागली म्हणजे दाब प्रमाणाबाहेर खाली येऊ शकतो.

गोळीने दाब उतरतो हे निराळे, आणि दाब उतरल्याने माणूस वाचतो हे निराळे. ही दुसरी गोष्ट बराच काळ सिद्ध झालेली नव्हती. ती प्रथम निर्विवाद दिसली अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत. एडवर्ड फ्राइस ह्या डॉक्टरांच्या पुढाकाराने तेथे दाब फार वाढलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. १९६७ साली निकाल प्रसिद्ध झाला. पोकळ गोळी घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले होते, औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांवर. आणि त्या औषधात तीन द्रव्ये होती; त्यांतील एक आपल्या सर्पगंधेचे रेसर्पिन! आज असंख्य प्रयोगांची बेरीज करून असे सांगतात, की वरचा आकडा दहाने उतरला तर पक्षाघाताचा संभव सुमारे चौथाईने कमी होतो.

आता आपण पुन्हा त्या पहिल्या दिवसाकडे येऊ. शाळेत आरोग्यतपासणी होती. माझा दाब १५८ आणि ९६ निघाला. वयाची सेहेचाळीस वर्षे, अंगात कसलेही दुखणे नाही, वर्गात उभे राहून रोज पाच तास बोलणारी मी. यंत्रच बिघडले असावे असे मला वाटले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी दिली नाही. त्यांनी सांगितले, आठवडाभर घरी मोजा आणि लिहून आणा. कसे मोजावे तेही सांगितले : मोजण्यापूर्वी अर्धा तास चहाकॉफी नको, लघवीची भावना असल्यास आधी जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे निवांत बसावे, हात हृदयाच्या उंचीवर मेजावर ठेवावा, बोलू नये, मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजावे. दवाखान्यात पांढरा अंगरखा पाहूनच ज्यांचा दाब चढतो असे बरेच लोक असतात, त्यांची घरची वही वेगळेच सांगते. माझी वही वेगळे काही सांगत नव्हती. सात दिवसांत वरचा आकडा एकदाही १४५ च्या खाली आला नाही. मग रक्त, लघवी व हृदयाचा आलेख तपासून अॅम्लोडिपिन ह्या औषधाची लहान मात्रेची गोळी सुरू झाली.

त्या रात्री मला झोप आली नाही हे सांगावयास संकोच कशाला? गोळीची मला भीती वाटली नाही. वाईट वाटले ते आपण आता ‘रोगी’ ह्या सदरात जमा झालो ह्याचे. यजमान रेल्वेत आहेत, ते म्हणाले, ‘इंजिनाचा दाबमापक रोज पाहतात म्हणून कोणी इंजिनाला आजारी म्हणत नाही.’ उपमा अगदीच वाईट नव्हती. पण खरा धीर आला तो आकड्यांनी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारे पस्तिसांचा दाब वाढलेला आढळला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत अठरा खुर्च्या आहेत. हिशेब करून पाहिला, आणि एकटेपण बरेच कमी झाले. जगभर पाहता, ज्यांचा दाब वाढलेला आहे त्यांतील जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नसतो. मला निदान पत्ता लागला होता.

आता शंका. पहिली, ‘गोळीची सवय लागते’ ही. सवय लागणे म्हणजे शरीराला त्या द्रव्याची ओढ लागणे, मात्रा वाढवीत जावे लागणे. दाबाच्या गोळीने असे होत नाही. गोळी थांबविली की दाब पुन्हा वर जातो, ह्याचा अर्थ गोळीने आपल्याला बांधून टाकले असा नसून, दाबाचे मूळ कारण शरीरात तसेच आहे असा आहे. चष्मा काढला की अक्षरे पुन्हा पुसट होतात. त्याला कोणी चष्म्याचे व्यसन म्हणत नाही. मात्र अॅटेनोलॉलसारखी नाडीचा वेग उतरविणारी औषधे व क्लोनिडिन ही एकाएकी बंद केल्यास दाब वा नाडी उसळी मारते आणि ते धोक्याचे ठरते. म्हणून काही बंद करावयाचे झाल्यास ते डॉक्टरांच्या सांगण्याने, पायरीपायरीने.

मूत्रपिंडांची शंका सर्वांत मोठी. ह्या बाबतीत लोकांनी कारण आणि कार्य ह्यांची अदलाबदल केली आहे. मूत्रपिंड म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाने ते जाळे झिजते. दाब आवरणे हाच मूत्रपिंड राखण्याचा मार्ग, आणि टेल्मिसार्टन वा रॅमिप्रिल ह्यांच्या जातीची औषधे तर मधुमेह्यांना मूत्रपिंडांच्या रक्षणासाठीच देतात. ती सुरू केल्यावर काही आठवड्यांनी रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून पाहावयाचे असते, एवढी दक्षता पुरे. मात्र अपत्याची अपेक्षा असलेल्या किंवा गरोदर स्त्रीने ही दोन्ही औषधे घ्यावयाची नसतात. ही गोष्ट तिने आपण होऊन डॉक्टरांना सांगितली पाहिजे. मूत्रपिंडांना खरोखर भिण्याजोगी गोळी कोणती म्हणाल, तर डोके दुखले, गुडघे दुखले की दुकानातून विचारल्यावाचून आणून खाल्ली जाणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही वेदनाशामके. ती मूत्रपिंडांना अपाय करतात आणि दाबही वाढवितात. ज्या घरात दाबाच्या गोळीवर महिनाभर खल चालतो, त्याच घरात ही दुसरी गोळी मूठमूठ खपते, हा मला मोठा विस्मय वाटतो.

दुष्परिणाम मुळीच नसतात असे मात्र कोणी सांगू नये. अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिल ह्यांनी काहींना कोरडा ठसका लागतो, आणि ते बिचारे महिनोन् महिने खोकल्याची औषधे पीत राहतात. क्लोरथॅलिडोनसारख्या लघवी वाढविणाऱ्या गोळीने रक्तातील सोडियम, पोटॅशियम उतरू शकते. वृद्धांना गळाठा येतो. प्रथमच्या दिवसांत एकदम उठल्यावर भोवळ येते. ह्या सर्वांवर उपाय आहे, कारण औषधांच्या जाती चार-पाच आहेत. एक सोसली नाही तर दुसरी. परंतु उपाय होण्यासाठी डॉक्टरांना कळले पाहिजे. आमच्याकडचा रोगी काय करतो? घोटे सुजले की गोळी बंद करतो, आणि पुढच्या भेटीत ‘होय, घेतो आहे’ असे सांगतो. डॉक्टरांना रागावतील म्हणून हे खोटे बोलणे; मग डॉक्टर समजतात की औषध लागू पडत नाही, आणि मात्रा वाढवितात! शिक्षिका म्हणून गृहपाठाच्या वह्यांत हा प्रकार मी वीस वर्षे पाहत आले आहे, पण तेथे पणाला काही मोठे लागलेले नसते.

येथे काय पणाला लागलेले असते ते आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांच्या घरी दिसले. गोळीने दाब १३० वर आला, बरे वाटू लागले, आता रोग गेला असे समजून त्यांनी गोळी थांबविली. सहा महिने काहीच झाले नाही. आणि हेच ह्या रोगाचे कपट, की काहीच होत नाही. मग एके सकाळी चहाचा पेला हातातून गळला आणि उजवे अंग लुळे पडले. ते वाचले. आता काठी घेऊन चालतात, पण तोंडाशी आलेले नाव त्यांना आठवत नाही. त्यांच्या पत्नीने मला विचारले, ‘ताई, त्यांना काही होत नव्हते, मग आम्हांला कळणार तरी कसे?’ ह्या प्रश्नाला उत्तर एकच आहे : बरे वाटण्यावरून कळत नाही, मोजण्यावरून कळते. दाब १३० वर आला होता तो गोळी चालू होती म्हणून.

मग गोळी कधीच कमी होत नाही का? होते. वजन चांगले उतरले, मीठ आवरले, रोज अर्धा तास झपाट्याने चालणे झाले, मद्य सुटले, तर कित्येकांची मात्रा कमी करता येते, क्वचित औषध थांबविताही येते. हैदराबादचा उन्हाळा तर आपणांस ठाऊकच आहे. त्या दिवसांत घामाने व उष्म्याने दाब खाली येतो आणि कोणाकोणाची मात्रा तात्पुरती कमी करावी लागते. हा निर्णय वहीतील आकडे पाहून घ्यावयाचा असतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, ह्यावर पुष्कळ चर्चा होते. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांवर झालेल्या एका पाहणीत २०२२ साली असे दिसले की दोहोंत फरक नाही. जी वेळ चुकणार नाही ती आपली वेळ. एखादे दिवशी राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आणि उपास एकादशीचा असो, रमजानचा असो की आम्हां ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळातला असो, गोळीची वेळ कशी बसवावी ते आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे. एखादा धर्मनिष्ठ मनुष्य उपासाच्या नावाखाली आठवडाभर औषध सोडतो, पण आजाऱ्याला उपासातून सूट बहुतेक सर्वच धर्मांनी दिलेली आहे.

आता ताटाकडे वळू. १९४० च्या सुमारास, औषधे नव्हती त्या काळी, अमेरिकेत केम्पनर नावाचे डॉक्टर दाबाच्या रोग्यांना केवळ भात, फळे व साखर ह्यांवर ठेवीत. मीठ जवळजवळ नाहीच. तो आहार इतका बेचव होता की रोगी पळून जात; पण जे टिकत त्यांतील पुष्कळांचा दाब उतरे. तेवढी शिक्षा आज कोणी सांगत नाही. आमच्या तारनाक्याच्या पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाला माणशी ५ ग्रॅमपर्यंत मीठ पुरे असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, पोळी, दही, लोणचे सर्व आले.

हिशेब करावयास बसले तेव्हा मला कळले की मीठ मीठदाणीत नसते. ते लोणच्यात असते. आणि आंध्र-तेलंगणात राहणाऱ्यांना आवकायाचे लोणचे सोडा म्हणणे म्हणजे काय, ते इकडे राहिल्यावाचून कळत नाही. ते पापडात, सांडग्यांत, कुरडयांत, फरसाणात, बेकरीच्या पावात असते. आमच्या हैदराबादच्या उस्मानिया बिस्किटाची गोडी सर्वांना कळते, पण त्या गोडीमागचे मीठ जिभेला क्षणभर उशिराच सापडते. मी मूळची वसईची. आमच्या घरी उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून सुक्या बोंबलांचे कालवण होई, आणि खारवलेल्या मासळीत तर मीठच मुरलेले. मी लोणचे सोडले नाही. वाटीतून बशीत आणले, बशीतून बोटाच्या टोकावर. सुकी मासळी दोनदा पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून शिजविते आणि कालवणात वेगळे मीठ घालीत नाही. चिंच, लिंबू, कोकम, कढीपत्ता, जिरे ह्यांनी पुष्कळ भागते. तीन आठवडे अन्न अळणी लागले, मग जीभ सरावली.

सैंधव मिठाने दाब वाढत नाही अशी समजूत सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. सैंधव, काळे मीठ, समुद्राचे मीठ ही सारी मुख्यतः सोडियम क्लोराइडच. महागाईखेरीज फारसे अंतर नाही. ज्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते, असे मीठ मात्र निराळे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर त्याचा प्रयोग झाला, आणि २०२१ साली असे प्रसिद्ध झाले की त्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. पण ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत किंवा जे टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोक्याइतके साठू शकते. हे मीठ वाण्याकडून आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

खर्चाची चिंताही अनेकांच्या मनात असते. ती बोलून दाखविण्यास लोक लाजतात. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावरचा मक्ता काढून केवळ कृतीवर ठेवला. तेच द्रव्य निराळ्या कृतीने बनविण्याची वाट मोकळी झाली, आणि अशा कृती शोधण्यात आमच्या नाक्याजवळच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळांनी मोठे काम केले. २००५ साली कायदा पुन्हा बदलला, पण दाबाची नेहमीची औषधे त्यापूर्वीची असल्याने ती स्वस्तच राहिली. जनऔषधी केंद्रांत ती आणखी कमी दरात मिळतात, आणि हैदराबादच्या वस्त्यांतून २०१८ पासून सुरू झालेल्या बस्ती दवाखान्यांत दाब विनामूल्य तपासून गोळ्याही देतात. त्याच सुमारास पाच राज्यांच्या पंचवीस जिल्ह्यांत वाढलेल्या रक्तदाबावर नियंत्रण आणण्याचा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्या पाचांत महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही होते. त्याची पद्धत मला आवडली : मोजकी दोन-तीन औषधे, ठरलेल्या पायऱ्या, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, आणि ज्याने येणे बंद केले त्याला दूरध्वनी करून विचारपूस.

ज्यांच्या हाती नुकतीच अशी चिठ्ठी पडली असेल, त्यांना पुढच्या भेटीसाठी एक सुचविते. घरात जी जी औषधे घेता त्या सर्वांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या; दाबाची, गुडघ्याची, सर्दीची, चूर्णे, काढे, सर्व. दाबाची वही न्या. आणि जी शंका इतरांना विचारता ती कागदावर लिहून न्या, कारण खुर्चीत बसल्यावर ती आठवत नाही. चार ओळी पुरेत. माझ्या कागदावर पहिली ओळ होती, ‘संध्याकाळी घोटे जड वाटतात, हे गोळीने का?’ डॉक्टरांनी पाय पाहिले, मात्रा होती तेवढीच ठेवली, दिवसभर उभे राहून शिकवू नका असे सांगितले आणि महिन्याने पुन्हा बोलाविले. आता वर्गात एक उंच स्टूल आले आहे.

आणि एक गोष्ट घरातील सर्वांना, लहान मुलांनाही, शिकवून ठेवा. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वा पाय एकाएकी लुळा पडला, बोलणे अडखळले, तर मीठसाखरेचे पाणी, जिभेखालची गोळी, झोपून पाहणे, ह्यांत वेळ दवडू नये. मेंदूतील गाठ विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यापूर्वी मेंदूचे चित्र काढावे लागते, म्हणून मोठे रुग्णालयच गाठले पाहिजे. कोणत्या घटकेला हे सुरू झाले ते घड्याळ पाहून लक्षात ठेवावे; रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. ही सेवा २००५ साली ह्याच हैदराबाद शहरात सुरू झाली, आणि आता महाराष्ट्रातही तोच क्रमांक चालतो.